मी अशीच बोलतो

गेल्या जानेवारीत निपाणीजवळच्या एका गावातल्या मराठी साहित्य संमेलनाला जाऊन आलो. सीमाभागात अशी गावोगावची संमेलनं पुष्कळ होतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कारदगा ही नावं तुम्ही वर्तमानपत्रात वाचली असतील. सकाळी ग्रंथदिंडी, शाळेच्या पोरी लेझीम खेळणाऱ्या, मग उद्घाटन, भाषणं, दुपारी सगळ्या गावाला जेवण, कथाकथन आणि दिवस मावळायला कविसंमेलन. आमच्या खात्यातल्या एका कवीला बोलावणं होतं. चोर्ला घाटातून एकट्याने गाडी न्यायला तो घाबरतो, म्हणून सोबतीला मी. मी कवी नाही. बी. ए. झालो, सरकारी नोकरीला चिकटलो, आणि गेली वीसेक वर्षं आवक-जावक बारनिशी, टिपणी आणि साक्षांकित प्रती यांच्यात आहे. वाचायची खोड तेवढी सुटलेली नाही.

बेळगाव सोडलं, संकेश्वर मागे टाकलं आणि तवंदी घाट उतरलो की निपाणीचा वास येतो. तंबाखूचा. तिथल्या माणसांना तो येत नसावा, आपल्याला येतो.

कविसंमेलनाचे अध्यक्ष बाहेरून आलेले होते. पुस्तकं नावावर असलेले, बोलायला मिठ्ठास. वीस-बावीस कवी होते. निम्म्यांहून जास्त कविता सीमाप्रश्नाच्या. अशातच एका बाईंचं नाव पुकारलं. पन्नाशीच्या पुढच्या, साधं पातळ, हातात वहीचं फाडलेलं पान. तंबाखूच्या वखारीत काम करतात असं सूत्रसंचालकाने सांगितलं.

कविता छोटी होती. वखारीतून संध्याकाळी घरी आलेली आजी. नातू पळत येऊन मिठी मारायला बघतो, पण आजीच्या पातळात दिवसभराचा खकाणा भरलेला. मिठी मारली की पोर शिंकून शिंकून लाल होतं. म्हणून ती त्याला हातभर लांब उभं करते, आंघोळ करून येते, तोवर नातू झोपलेला असतो. बस्स, एवढंच. मात्र शेवटच्या दोन ओळी एकदम सीमाप्रश्नाच्या आणि महाराष्ट्रात जाण्याच्या होत्या, आणि टाळ्या पडल्या त्या त्यांनाच.

तर या कवितेत बाई 'मी आलो', 'मी बसलो', 'मी न्हालो' असं म्हणत होत्या. निपाणी, बेळगाव, कोल्हापूरकडे बायका असंच बोलतात. 'मी जातो', 'मी येतो'. कन्नडच्या शेजाराचा हा परिणाम असं काही जण सांगतात, कारण कन्नडमध्ये 'मी'च्या क्रियापदाला स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतं. कारण काहीही असो. आपल्या कोंकणीत तरी 'हांव वतां' म्हणताना बायल कोण आणि दादलो कोण हे कुठे कळतं? पण अध्यक्षांना ते खटकलं, किंवा गंमत करावीशी वाटली. ते माइकवरून म्हणाले, "आलो? अहो बाई, ही कविता तुमचीच ना, की यजमानांची वाचताय?"

सभा हसली. मीही हसलो.

बाई हसल्या नाहीत. कागदाची घडी घालत म्हणाल्या, "माझीच हाय. मी अशीच बोलतो." आणि खाली जाऊन बसल्या.

मला त्या क्षणी काय आठवावं? अठराव्या शतकातलं बॉस्टन. याला कारण आहे. कॉलेजात असताना पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत जनार्दन वाघमारे यांचं 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे पुस्तक हाती लागलं होतं. ('निग्रो' हा शब्द त्या काळचा. तिकडच्या लोकांनीच साठच्या दशकात तो टाकला आणि ज्या 'काळा' शब्दाने शिवी दिली जायची तोच मुद्दाम उचलला. आपल्याकडे विठोबा काळा, शेतकऱ्याची आई काळी, तरी पैसा, यादी आणि सीमाभागातला १ नोव्हेंबर वाईट ठरवायचा झाला की तोही काळाच.) त्या पुस्तकानंतर मी त्या कवींच्या मागे लागलो. मिळेल ते वाचलं, इंग्रजी अडत अडत.

तर बॉस्टन. १७६१ साली पश्चिम आफ्रिकेतून आणलेली सात-आठ वर्षांची एक मुलगी तिथे विकली गेली. 'फिलिस' नावाच्या जहाजातून आली म्हणून तिचं नाव फिलिस, आणि मालकाचं आडनाव व्हीटली. ती घरात इंग्रजी शिकली, लॅटिन शिकली, कविता करू लागली. पुस्तक काढायचं ठरलं तेव्हा प्रश्न आला की गुलाम काळी पोर असं लिहू शकते यावर विश्वास कोण ठेवणार? मग बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठित गृहस्थांनी सह्या केलेला दाखला पुस्तकात छापला गेला, की या कविता खरोखर हिनेच लिहिल्या आहेत. सह्या करणाऱ्यांत गव्हर्नर हचिन्सन होते, पुढे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे जॉन हॅनकॉक होते. बॉस्टनमध्ये प्रकाशक मिळाला नव्हता, १७७३ साली पुस्तक निघालं ते लंडनला.

आम्हा कारकुनांना हे लगेच कळतं. 'मूळ प्रत पाहिली, सत्यप्रत असे' आणि खाली राजपत्रित अधिकाऱ्याची सही, गोल शिक्का. एखाद्याची दहावीची मार्कलिस्ट त्याचीच आहे हे त्याने सांगून चालायचं नाही, ज्याने त्याला कधी पाहिलेलं नाही अशा साहेबाने सांगितलं की चालायचं. आता बऱ्याच कामांना स्वसाक्षांकित प्रत चालते, आपणच सही करून म्हणायचं की हे माझं आहे. कवितेला मात्र अजून कुठे कुठे साहेबाची सही लागते.

आणि सही मिळूनही भागलं नाही, हेही सांगायला हवं. जाहीरनामा ज्यांनी लिहिला त्या जेफरसन यांनी आपल्या पुस्तकात फिलिसच्या कविता टीकेच्याही लायकीच्या नाहीत असा शेरा मारला. तिला दुसरं पुस्तक काढता आलं नाही. १७८४ साली ती गरिबीत वारली.

तुम्ही म्हणाल, कुठलं बॉस्टन आणि कुठली निपाणी. पण या दोन जगांची ओळख जुनी आहे. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, आणि हार्लेम ही काळ्यांची वस्ती तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष झाले ते एकमेव अधिवेशन. त्याची आठवण बेळगावात रस्त्यारस्त्यावर आहे. त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९२५ मध्ये, निपाणीला मुंबई इलाख्यातल्या बहिष्कृतांची परिषद भरली आणि तिचे अध्यक्ष आंबेडकर होते. ही गोष्ट मात्र मला निपाणीत कुणी आपणहून सांगितली नाही, मी विचारली तेव्हा एका म्हाताऱ्या मास्तरांनी सांगितली. त्याच १९२५ साली अॅलन लॉक या प्राध्यापकाने हार्लेमच्या नव्या काळ्या लेखकांना एकत्र आणणारं पुस्तक काढलं. पुढे १९४६ साली आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज करत होते त्याच्या प्रती मागितल्या, आणि ड्यू बॉइस यांनी आस्थेने उत्तर दिलं. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या पोरांनी संघटना काढली तिचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. अर्ज करणाऱ्यांची आणि कविता करणाऱ्यांची ही सोयरीक आहे, मी जुळवलेली नाही.

त्याच १९७२ मध्ये ढसाळांचं 'गोलपिठा' आलं, आणि त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. वरवर पाहिलं तर हाही अठरा सह्यांचाच प्रकार, टॅक्सी चालवणाऱ्या दलित पोराच्या पुस्तकाला मोठ्या लेखकाचा शिक्का. पण ती प्रस्तावना वाचा. तेंडुलकर मुळात हेच कबूल करतात की यातले कित्येक शब्द मला कळले नाहीत. ते ढसाळांकडून अर्थ विचारून घेतात, त्यांच्याबरोबर ती वस्ती पाहायला जातात. साहेबाने खुर्ची सोडून अर्जदाराच्या घरी जाण्यासारखं झालं हे. मराठीत एवढ्या मोकळेपणाने 'मला हे समजत नाही, सांग' असं म्हणणारे थोडे. बहुतेकांनी 'यात कविता कुठे आहे' असंच विचारलं. आपल्याकडे तरी काय? विष्णू सूर्या वाघ यांच्या 'सुदिरसूक्त'वरून २०१७ साली गोव्यात जे रण पेटलं, पुरस्कारापासून पोलिसांपर्यंत, ते तुम्हाला आठवत असेल. जास्त बोलत नाही, नोकरी आहे.

कविसंमेलन संपल्यावर चहाच्या टेबलाशी मी आणि माझा कवीमित्र त्या बाईंपाशी गेलो. मित्राला खरंच कविता आवडली होती. तो म्हणाला, "मावशी, काय अस्सल बोली आहे तुमची! ही टिकली पाहिजे." बाईंनी त्याच्याकडे बघितलं. म्हणाल्या, "बोली ऱ्हाऊ दे दादा. कविता कशी वाटली?"

मित्र गप्प.

इथे मला पॉल लॉरेन्स डनबर आठवतो. आईबाप दोघेही एकेकाळचे गुलाम. हा ओहायोतल्या डेटनमध्ये लिफ्ट चालवायचा, स्वतःच्या खर्चाने छापलेलं पहिलं पुस्तक लिफ्टमधल्या माणसांना विकायचा. १८९६ साली हॉवेल्स या मोठ्या समीक्षकाने त्याला डोक्यावर घेतलं, पण कशासाठी? त्याच्या काळ्यांच्या बोलीतल्या कवितांसाठी. झालं, त्यानंतर सगळ्यांना त्याच्याकडून बोलीच हवी. तो प्रमाण इंग्रजीत, जुन्या वृत्तांत, मन लावून लिहायचा ते कुणी विचारीना. त्याचं त्याला फार दुःख होतं. तेहतिसाव्या वर्षी, १९०६ मध्ये, तो गेला. म्हणजे अध्यक्षांनी 'आलो'चं 'आले' करायला लावणं जसं, तसंच माझ्या मित्राने 'आलो'च्या पलीकडे काही न ऐकणं. दोघांनीही त्या नातवाकडे पाहिलं नाही.

मग मी धीर करून त्या शेवटच्या दोन ओळींबद्दल विचारलं. मला त्या चिकटवल्यासारख्या वाटल्या होत्या. बाई म्हणाल्या, "मंडळातली पोरं म्हणाली, मावशी शिमेचं थोडं असू दे की. मग घातलं."

आता यावर मला जे म्हणायचं आहे ते जपून म्हणतो, कारण सीमाभागातल्या मराठी माणसाने १९५६ पासून काय सोसलं आहे ते गोव्यात बसून मोजायचा अधिकार मला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावा अजून चालूच आहे. पाट्या, कागद, शाळा, प्रत्येक गोष्टीसाठी झगडणारी ही माणसं आहेत. अशी संमेलनं भरवणं हीच तिथे एक लढाई असते. पण आपला आवाज दाबला जातो असं जो समाज रोज म्हणतो, त्याने आपल्याच व्यासपीठावर चढलेल्या बाईला 'तुझ्या आवाजात आमचं थोडं घाल' असं सांगावं का? खकाणा कर्नाटकात नाकात जातो तसा महाराष्ट्रातही गेला असता.

यावर लँग्स्टन ह्यूज यांचा १९२६ सालचा एक लेख आहे, 'द नेशन' या साप्ताहिकात आलेला. त्यात ते एका तरुण काळ्या कवीची गोष्ट सांगतात, ज्याला काळा कवी म्हणवून घ्यायची लाज वाटते. ह्यूजना त्याचं वाईट वाटतं. आपलं काळेपण टाकून मोठा कवी होता येत नाही असं त्यांचं म्हणणं. आमच्या मंडळाच्या पोरांना हा लेख दाखवला तर ती म्हणतील, बघा, आम्ही हेच सांगतोय. पण लेखाचा शेवट वेगळा आहे. ह्यूज तिथे सांगतात की गोऱ्यांच्या पसंतीची आम्हाला फिकीर नाही, आणि आमच्याच लोकांच्या पसंतीचीही नाही. हे दुसरं वाक्य लिहायला जास्त छाती लागते. पुढच्याच वर्षी त्यांचं दुसरं पुस्तक आलं, जुगारी, दारुडे, राबणाऱ्या बाया यांच्या बोलण्यातलं, तेव्हा काळ्यांच्या वर्तमानपत्रांनीच त्याला झोडपलं. गोऱ्यांसमोर आपली अब्रू घालवली म्हणून.

बेळगावच्याच इंदिरा संत घ्या. 'मेंदी' १९५५ सालचं, 'मृगजळ' १९५७ सालचं. म्हणजे मध्ये १९५६ गेलं, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, सगळं शहर पेटलेलं. आणि बाई तिथेच राहून आपलं एकटेपण, आपलं दुःख, आपला पाऊस लिहीत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही की सीमेचं थोडं का घातलं नाही. विचारू नयेच. पण मग टिळकवाडीतल्या शिक्षिकेला जे मिळतं ते वखारीतल्या बाईला का मिळू नये? ग्वेंडोलिन ब्रूक्स शिकागोच्या काळ्यांच्या वस्तीतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडांवर, सामायिक न्हाणीघरावर, स्वयंपाकाच्या वासावर लिहीत राहिल्या, आणि १९५० साली पुलित्झर मिळवणाऱ्या त्या पहिल्या काळ्या लेखक ठरल्या. घरात काय शिजतं हा विषय लहान नसतो.

अण्णाभाऊ साठे यांच्या 'माझी मैना'ची गोष्ट तर आपल्या अगदी दाराशी येते. मुंबईत पोटासाठी आलेला कामगार गावाकडे राहिलेल्या बायकोसाठी झुरतो, आणि मग त्याच झुरणीत बेळगाव, कारवार, निपाणी आणि आपला गोवाही येतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तिने मैदानं हलवली. मांग वस्तीतून आलेल्या, शाळा जवळजवळ न पाहिलेल्या माणसाने सगळ्या मराठी मुलखाचं दुःख गायलं, आणि कुणी म्हटलं नाही की ही कविता तुझी कशावरून. मला ती छक्कड फार आवडते. फक्त एक शंका मनात येते. मैनेला कुणी विचारलं होतं का? १९६७ च्या जनमत कौलात आपल्याला विचारलं, तेव्हा गोव्याच्या मैनेने वेगळं बिऱ्हाड मांडायचं ठरवलं. मराठी वाचणाऱ्या आमच्या घरात त्यावरून आजोबा आणि त्यांच्या भावात कायमचा अबोला झाला. असो.

वखारीतल्या बायकांकडे येतो. त्यांना आवाज नव्हता असं नाही. १९८० च्या सुमारास निपाणीच्या हजारो तंबाखू कामगार बायका संघटित झाल्या, संप केले. त्यांच्यावर 'युगांतर' या बायकांच्या गटाने १९८२ साली 'तंबाकू चाकिला ऊब आली' नावाचा माहितीपट काढला, दीपा धनराज दिग्दर्शक. त्याच्या आदल्या वर्षी तंबाखू शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं, महामार्ग अडवला गेला, एप्रिल १९८१ मध्ये गोळीबार होऊन शेतकरी मेले. महादेव मोरे निपाणीत पिठाची गिरणी चालवत आयुष्यभर याच माणसांच्या गोष्टी लिहीत राहिले, २०२४ मध्ये ते गेले. त्यांचं 'पिठाक्षरं' न वाचता निपाणीबद्दल बोलू नये. पण संप, माहितीपट, कादंबरी या सगळ्याला वेळ, पैसा, माणसं लागतात. कवितेला फाडलेलं पान पुरतं. ऑड्री लॉर्ड ही काळी कवयित्री हेच सांगायची: सगळ्या कलांत कविता स्वस्त. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात, चिठोऱ्यावर, प्रवासात होते. गद्य लिहायला स्वतःची खोली लागेल, कागदांचे रीम लागतील. आमच्या बाईंनी ती कविता चाळणी मारता मारता मनात केली होती आणि नातीकडून कागदावर उतरवून घेतली होती, हे त्यांनी चहा पिताना सांगितलं.

आता माझं सांगतो. मी सभेत हसलो ते वर लिहिलं आहे, पण ते काहीच नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या कर्मचारी संघटनेची स्मरणिका निघायची होती आणि संपादन माझ्याकडे होतं. आमच्याच कचेरीतल्या एका शिपाई बाईने एक कविता आणून दिली. सत्तरीतली, अर्धी कोंकणी अर्धी मराठी. साहेबांच्या केबिनबाहेरच्या घंटेवर. घंटा वाजली की उठायचं, वाजली की उठायचं, घरी नवऱ्याने भांडं आपटलं तरी ती उठून उभी राहते, असं काहीतरी. मला वाटलं, चांगली आहे, जरा नीट करू. मी कोंकणी शब्द काढले, क्रियापदं सरळ केली, यमक जुळवलं, आणि 'भांडं' ठीक वाटेना म्हणून 'थाळी' केलं. छापून आल्यावर अंक तिच्या हातात दिला, कौतुकाने. तिने उभ्या उभ्या वाचलं. मग मला म्हणाली, "हें हांवें बरोवंक ना, सर."

मी म्हटलं, तुझंच आहे, फक्त शुद्ध केलंय. ती काही बोलली नाही. केबिनची घंटा वाजली, ती गेली. तिने पुन्हा कविता दिली नाही. मूळ कागद मी टाकून दिला होता. आयुष्यभर 'मूळ प्रत पाहिली' म्हणणाऱ्यांच्या शिक्क्याला शाई लावणारा मी, आणि मूळ प्रत मीच कचऱ्यात घातली. बॉस्टनच्या त्या अठरा जणांनी निदान तिच्या ओळींना हात लावला नव्हता.

परतताना आम्ही चोर्ल्याऐवजी खानापूर, लोंढा, अनमोड असे आलो. खानापूरच्या पुढे एका चहाच्या गाड्यावर थांबलो होतो तेव्हा दोन बायका डोक्यावर लाकडं घेऊन गेल्या. कुरळे केस, काळाभोर वर्ण, आणि आपापसात बोलत होत्या ते चक्क आपल्या कोंकणीसारखं. सिद्दी. उत्तर कन्नड जिल्हा, खानापूर, कलघटगी या भागांत राहणारे आफ्रिकन वंशाचे लोक. यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगिजांनी मोझांबिककडून गुलाम म्हणून गोव्यात आणलेले, आणि तिथून घाट चढून रानात पळालेले. उत्तर कन्नडातल्या सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दाखला मिळाला, बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना त्यासाठी २०२० पर्यंत थांबावं लागलं. दमाम वाजवून ते गातात, बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात, कवंद म्हणतात तिला. आपण ज्यांना सरसकट 'घाटी' म्हणतो त्यांच्यातच हेही आले. आपल्याच घरांतून पळालेल्यांची ही नातवंडं, आणि मी वीस वर्षं काळ्या कवींचा आवाज ऐकायला डिक्शनरी घेऊन अमेरिकेला जात होतो. त्यांच्या गाण्यातलं मला एकही गाणं येत नाही. मित्र म्हणाला, थांबवून विचारू या का? काय विचारणार, म्हणून आम्ही गाडीत बसलो.

आमच्या स्मरणिकेचं काम यंदा पुन्हा माझ्याकडे आलं आहे. त्या शिपाई बाई निवृत्त झाल्या, सत्तरीत त्यांच्या घरी जायचं मी दोनदा ठरवलं आणि दोनदा वाळपईहून मागे फिरलो. निपाणीच्या बाईंचा नंबर मात्र मित्राने घेऊन ठेवला होता. गेल्या रविवारी फोन लावला. ओळख सांगितली, मागे टीव्ही आणि पोराचा आवाज येत होता. म्हटलं, मावशी, ती नातवाची कविता आम्ही गोव्यात छापू का?

"छापा की," त्या म्हणाल्या. "पन 'आलो'चं 'आले' करू नगासा. आनि त्या शेवटच्या दोन वळी काडून टाका, त्या माज्या न्हवंत."